बर्नीची ब्युक आणि कॅझची हेमी

बर्नाडीन वोयतासशी माझी ओळख भांडणातून झाली. फ्लिंट या मोटारींच्या गावात घर घेऊन आठवडाही झाला नव्हता, तोच रविवारी सकाळी कुणीतरी दार बडवलं. उघडून बघतो तर कारखान्याचं जाकीट घातलेली, हातात कॉफीचा मग घेतलेली एक उंच बाई.

"तो जपानी डबा तुझा का? माझ्या दारासमोरून हलव."

"रस्ता सरकारी आहे," मी म्हणालो. मीही काही कमी नव्हतो.

"रस्ता सरकारी असेल, पण डोळे माझे आहेत. सकाळी उठल्या उठल्या त्यांना काय दाखवायचं ते मी ठरवते."

इथं अख्खं गाव ब्युकच्या कारखान्यावर जेवायचं. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढायचो, तिथंही सिस्टरबाई माझ्या गाडीकडे बघून नाक मुरडायच्या. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, म्हणून वर्षभरात मी ती गाडी विकली आणि जुनी ब्युक घेतली. त्याच संध्याकाळी बर्नी वाटीभर पिएरोगी घेऊन आली, आमच्याकडच्या करंजीला बटाट्याचं सारण भरून उकडावं तसा तो प्रकार. दिगंबर हे माझं नाव तिनं उभ्या उभ्या कापून डिग केलं, आणि आमची दोस्ती झाली ती कायमची.

तिचं लग्न मोडलं होतं. त्याची कारणं पुष्कळ असतील, पण ती एकच सांगायची. नवऱ्यानं एका हिवाळ्यात तिच्या गाडीच्या रेडिएटरमध्ये नुसतं पाणी भरून ठेवलं. पाण्याचा बर्फ झाला आणि इंजिन उभं चिरलं.

"दुसरी बाई ठेवली असती तर एकवेळ माफ केलं असतं," ती म्हणायची, आणि ती थट्टा नव्हती.

ती गाडी म्हणजे १९७० सालची ब्युक जी.एस., स्टेज वन, म्हणजे कारखान्यानंच जास्त जोरदार करून दिलेल्या इंजिनाची. रंग पाणचट चहाचा. दुरून बघाल तर शाळेतल्या मुख्याध्यापकाची गाडी वाटावी. बर्नी अठराव्या वर्षी ब्युकच्या इंजिन खात्यात लागली, विसाव्या वर्षी कामगारांच्या सवलतीत तिनं ही गाडी घेतली. तेव्हा इथल्या सगळ्या गाडीवाल्या कंपन्यांना एकच वेड लागलं होतं. साधीसुधी घरगुती गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात ट्रकला शोभेल एवढं इंजिन कोंबायचं. शेवेल झाली, जी.टी.ओ. झाली, मस्टँग तर होतीच. पोरं त्यावरून मारामाऱ्या करायची. आणि सगळ्यांच्या डोक्यावर बसलेली होती ती क्राइस्लरवाल्यांची हेमी. हेमी हे खरं तर इंजिनाचं नाव, पण लोक ते देवाच्या नावासारखं घ्यायचे. ब्युकला त्या पंगतीत पाटच नव्हता. ब्युक म्हणजे बँकवाल्यांची, दातांच्या डॉक्टरांची.

बर्नीच्या सख्ख्या भावाकडे हेमी होती.

हा कॅसिमिर ऊर्फ कॅझ तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. बाप, आजोबा, काका सगळे ब्युकमध्ये राबले, आणि हा पठ्ठ्या उठून हॅमट्रॅमकला गेला, डॉजच्या, म्हणजे त्याच क्राइस्लरवाल्यांच्या, कारखान्यात लागला. घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं म्हणे. त्यानंही सत्तर सालीच जांभळ्या रंगाची डॉज चॅलेंजर घेतली, पोटात हेमी. अंगणात उभी केली की पोळ्याच्या बैलासारखी दिसायची. बाप महिनाभर बोलला नाही, पण खिडकीच्या पडद्याआडून गाडी बघत राहिला.

आणि मग ती डॉर्ट हायवेची गोष्ट घडली. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की झोपेतही सांगेन.

सत्तर सालच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी लाल दिव्यापाशी बहीणभाऊ शेजारी शेजारी आले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, दिवा हिरवा झाला आणि दोघंही सुटले. बर्नीचं म्हणणं, पुढच्या दिव्यापर्यंत ती गाडीभर अंतरानं पुढे होती. ती धावत घरी आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, मी हेमीला हरवलं!"

बाप ब्युकच्या ओतशाळेत लोखंड ओतायचा. तो पोट धरून हसला. म्हणाला, "पोरी, त्या इंजिनाचं लोखंड मी ओततो. चांगलं आहे. पण हेमीला? जा, हात धू, जेवायला बस." मागून कॅझ आला. सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तिसरा गिअर चुकला." झालं, बापाचा न्याय तिथंच संपला.

त्यानंतर प्रत्येक ईस्टरला, प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ती गोष्ट निघायची. पोरं विचारायची, "बर्नी आत्या, ती हेमीला हरवल्याची थाप सांग ना!" थाप! बर्नी हसून सांगायची, पण तिच्या मानेवरची शीर ताठ व्हायची, ती मला दिसायची. बाप एक्क्याण्णव साली गेला. जाईपर्यंत त्याला ती थापच वाटत होती. एकदा बर्फ उपसताना ती मला म्हणाली, "डिग, आयुष्यात मी एकच मोठी गोष्ट केली, आणि ती माझ्या घरात कुणाला खरी वाटत नाही."

वर्षं गेली. ब्युकचा कारखाना बंद पडला, पाडला गेला. तोवर बर्नीची तीस वर्षं भरली होती, पेन्शन घेऊन ती सुटली. आणि इकडे एक चमत्कार झाला. ज्या गाड्या लोकांनी भंगारात घातल्या होत्या त्यांना शौकीन लोक सोन्याच्या भावानं विचारायला लागले. त्यातही भाव कुणाला? ज्या गाडीत कारखान्यानं बसवलेलं तेच इंजिन आहे, गाडीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर जुळतो, तिला. कॅझच्या हेमीचा जुळत होता. तिच्या किमतीत आमच्या गल्लीतली चार घरं आली असती, आणि वर गवत कापायचं यंत्र फुकट. बर्नीच्या ब्युकमध्ये नवऱ्याच्या कृपेनं दुसरं इंजिन होतं. स्टेज वनचंच, पण दुसऱ्या गाडीतलं. नंबर जुळत नव्हता.

कॅझ याचं फार भांडवल करायचा. "माझी गाडी ठेवा आहे, बर्नी. तुझी नुसती गाडी आहे."

"हो ना," बर्नी म्हणायची. "तुझी तू झाकून ठेवतोस, माझी मी चालवते. नवरीला कपाटात ठेवून वरात कसली काढतोस रे?"

आणि ते खरं होतं. कॅझची हेमी प्रदर्शनाला जायची तीसुद्धा दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. परीक्षक आरसे घेऊन खाली वाकून बघायचे, स्क्रू त्या सालचा आहे का, वायर त्या सालची आहे का. कॅझ बक्षिसं आणायचा.

दोन हजार सहाच्या ईस्टरला मीही त्यांच्या आईकडे जेवायला होतो. म्हातारी एक्क्याऐंशीची, ठणठणीत. हॅम कापता कापता कुणा भाच्यानं पुन्हा "थाप सांग" म्हटलं आणि बर्नीनं काटा खाली ठेवला.

"सांगत नाही. दाखवते. सप्टेंबरात जुन्या गाड्यांच्या शर्यती आहेत. कारखान्यातून निघाली तशीच गाडी, पाव मैल, तीनपैकी दोन. नाव दे, कॅझ."

"अगं वेडी का तू? माझ्या गाडीला काही झालं तर?"

"तर तुझा नंबर जुळणार नाही. माझ्यासारखा."

सगळे हसले. कॅझ लाल झाला. "आणि मी हरलो तर?"

"तर पुन्हा कधी त्या तिसऱ्या गिअरचं नाव काढायचं नाही."

"तू हरलीस तर?"

बर्नीनं क्षणभर आईकडे बघितलं. "तर मी डॉर्ट हायवेचं नाव काढणार नाही. मरेपर्यंत."

मला तिथंच ठसका लागला. त्या बाईकडे ती एक गोष्ट सोडून दुसरं काय होतं? पण शब्द गेला होता, आणि वोयतासांच्या घरात जेवणाच्या टेबलावर दिलेला शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

सप्टेंबरात ऊन छान पडलं होतं. मक्याच्या शेतांमध्ये ती डांबराची सरळ पट्टी, एका बाजूला लाकडी बाकं. जिकडे बघाल तिकडे पोटं सुटलेले म्हातारे जुन्या गाड्यांची बॉनेटं उघडून वाद घालत होते. शेवेलला ताकद जास्त पण पुढून जड, जी.टी.ओ. दिसायला राजा पण शेवटी दमते, हेमीला सुरुवातीला झोप येते पण जागी झाली की तिला कुणी धरत नाही. मी सगळ्यांच्या मागे उभा राहून ऐकलं. ब्युकचं नाव कुणी काढलं नाही. एकानं बर्नीच्या गाडीत डोकावून विचारलं, "नवऱ्याची का?"

"घटस्फोटात मिळाली," बर्नी म्हणाली. "त्याच्यापेक्षा बरी चालते."

म्हातारी आई मधोमध घडीच्या खुर्चीवर बसली होती. एका बाजूला लेकीची गाडी, एका बाजूला लेकाची, पायाशी बर्फाची पेटी. तिनं आधीच जाहीर केलं होतं, "मी कुणाच्या बाजूची नाही. मला कुणी विचारू नका."

पहिल्या धावेला दोघं रेषेवर आले. हिरवा दिवा लागला, ब्युक निघाली. आणि हेमी? हेमी जागच्या जागी उभी राहून किंचाळायला लागली. मागची चाकं भिंगरीसारखी फिरताहेत, पांढरा धूर उठतोय, आणि गाडी हलायला तयार नाही. ती चालायला लागेस्तोवर बर्नी पट्टीच्या पार टोकाला पोचली होती. लोक उभे राहून हसले.

बर्नी परत आली ती हसत नव्हती. ती तडक कॅझच्या गाडीपाशी गेली, खाली वाकली आणि टायरवर नख मारून बघितलं.

"कॅझ, हे टायर कधीचे?"

कॅझ इकडे तिकडे बघायला लागला. "मूळचे आहेत."

"मूळचे म्हणजे?"

"म्हणजे... सत्तर सालचे. उद्या प्रदर्शन आहे गं. परीक्षक मूळच्या टायरला जादा गुण देतात."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! एवढी लाखमोलाची गाडी, एवढं इंजिन, आणि खाली छत्तीस वर्षांचं वाळलेलं रबर, दगडासारखं. प्रदर्शनासाठी त्यानं तेच घालून आणलं होतं आणि शर्यतीतही काढलं नव्हतं. हे फक्त या लोकांनाच सुचू शकतं.

मी बर्नीला बाजूला घेतलं. "अगं, गप्प बस. अजून एक धाव जिंकलीस की संपलं."

"संपलं?" ती माझ्यावरच उखडली. "अरे, मग पुढची छत्तीस वर्षं तो टायरची गोष्ट सांगेल! गिअर गेला आणि टायर आला. मला नको असला विजय." आणि ती भावाकडे वळून ओरडली, "ए कॅझ! तो बघ, तिकडे एक डॉजवाला उभा आहे. त्याचे टायर मागून घे. नवे आहेत, जुन्या जातीचेच, नियमात बसतात. माझे दिले असते, पण डॉजला ब्युकची चाकं बसत नाहीत. देवानंच ते ठरवलंय."

"पण पहिली धाव?"

"पहिली माझी. ती मी सोडत नाही. मी मदर तेरेसा नाही."

कॅझनं टायर बदलले. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला, आणि तो हात बरोबरच होता हे दुसऱ्या धावेला कळलं. या वेळी हेमी रेषेवरून सुटली ती नीट सुटली. बर्नीनं मात्र रागाच्या भरात पेडल दाबला आणि तिच्याच चाकांनी धूर काढला. अर्ध्या वाटेपर्यंत ती कशीबशी बरोबरीला आली, पण मग हेमी अशी गरजली की बाकं हादरली. कॅझ गाडीभर अंतरानं पुढे गेला. एक-एक.

बर्नी उतरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. बॉनेट उघडून ती नुसती उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

"बर्फ," ती एकदम म्हणाली. "डिग, बर्फ आण. इंजिन तापलंय."

तिथली ती रीतच आहे. दोन धावांच्या मध्ये इंजिनाच्या डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवतात, म्हणजे आत जाणारी हवा गार राहते. मी पेटीपाशी धावलो, तर समोरून कॅझही धावत आलेला. आत पिशवी एकच उरली होती, बाकीचा बर्फ बिअरखाली वितळून गेला होता. आम्ही दोघं म्हातारीकडे बघायला लागलो.

म्हातारीनं पिशवी उचलली, बाकाच्या कडेवर दोनदा आपटून फोडली आणि दोन भांड्यांत वाटणी केली. एका भांड्यात जरा जास्त पडला तर त्यातला एक खडा काढून तिनं स्वतःच्या तोंडात टाकला. "पळा," ती म्हणाली. "दोघंही माझ्याच पोटचे."

इंजिन गार होत असताना बर्नी गाडीला टेकून डोळे मिटून उभी होती. मी विचारलं, "काय विचार करतेस?"

"मी चिडून चालवत होते," ती म्हणाली. "सत्तर साली मी चिडले नव्हते. तेव्हा मला फक्त मजा येत होती."

तिसऱ्या धावेला बाकांवर कुणी बसलेलं राहिलं नाही. भांडणाची बातमी सगळीकडे पसरली होती. कॅझनं इंजिन गुरगुरवत ठेवलं होतं. बर्नीची ब्युक शांत, जणू दूध आणायला निघालीय. हिरवा दिवा लागला. बर्नीनं पेडल दाबला नाही, नुसता सोडून दिल्यासारखा हळूच खाली नेला. एक चाकसुद्धा किंचाळलं नाही. ब्युकची सगळी ताकद तळाच्या ओढीत, म्हणजे निघतानाच्या जोरात आहे, हे मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. ती जड गाडी कुणीतरी मागून ढकलल्यासारखी निघाली आणि बघता बघता पुढे झाली. कॅझचीही सुरुवात छान झाली होती. त्याचे गिअर मी कानांनी मोजले, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, एकेक नेमका बसला. मग हेमी जागी झाली. जांभळं नाक ब्युकच्या मागच्या चाकाशी आलं, दाराशी आलं, आरशाशी आलं. मी ओरडत होतो, काय ते मला आठवत नाही, पण मराठीत ओरडत होतो. शेजारी म्हातारी पोलिशमध्ये ओरडत होती. कुणाच्या नावानं ते तिलाच ठाऊक.

रेषा आली. जिंकल्याचा दिवा बर्नीच्या बाजूला लागला.

गाडीच्या नाकाएवढंच अंतर, पण होतं! मी म्हातारीला मिठी मारली. ज्यानं नवऱ्याची गाडी का म्हणून विचारलं होतं तो टोपी हवेत उडवत होता.

दोघं परत येऊन थांबले. बर्नी उतरली. दार धरून उभी राहिली. कॅझ जांभळ्या गाडीतून उतरायला वेळ लावत होता. हा आता काय काढतो? सूर्य डोळ्यांवर आला, पट्टीवर तेल होतं, काहीही. भोवती चाळीस-पन्नास माणसं जमली होती, शर्यत पुकारणारा माणूस हातात मायक्रोफोन घेऊन आला आणि त्यानं नेमकं तेच विचारलं.

"काय झालं कॅझ? हेमी हरली? गिअर चुकला की काय?"

कॅझनं मायक्रोफोन घेतला. तो बहिणीकडे वळला.

"नाही," तो म्हणाला. "एकही गिअर चुकला नाही." आणि मग, "सत्तर सालीही चुकला नव्हता."

त्याचा आवाज पार मक्याच्या शेतापर्यंत गेला. जमलेल्या लोकांना त्यातलं काही कळलं नाही, पण वोयतासांचे सगळे पुतणे, भाचे, सुना बर्नीकडे वळून बघू लागल्या. बर्नीनं तोंडावर हात धरला.

म्हातारी खुर्चीतून उठली. "मग तेव्हा का नाही बोललास, मेल्या?"

"बाबा हसला ना, मा," कॅझ म्हणाला. तो साठीला टेकलेला माणूस, पण आवाज शाळकरी पोराचा झाला होता. "आल्या आल्या सांगणारच होतो. पण बाबा हसत होता, महिनाभरानं माझ्याकडे बघून हसत होता. मला वाटलं, आज राहू दे, उद्या सांगेन. मग ते राहूनच गेलं."

"माझ्या बाबासमोर मला थापाडी केलंस तू," बर्नी म्हणाली. ती रडत होती, अगदी उघड रडत होती.

"केलं."

"पुन्हा म्हण. ते गिअरचं."

"चुकला नव्हता."

"जोरात! त्या मायक्रोफोनवर म्हण. आणि माझं नाव घेऊन म्हण."

आणि कॅझनं म्हटलं. सरळ उभा राहून, गळा ताणून, तिचं पूर्ण नाव घेऊन. "माझी बहीण बर्नाडीन वोयतास हिनं सत्तर साली डॉर्ट हायवेवर माझ्या हेमीला सरळसरळ हरवलं, आणि आजही हरवलं!" आता मात्र लोकांना कळलं, आणि जो काही गलका झाला तो विचारू नका. बर्नीनं त्याला आधी पाठीत एक गुद्दा घातला, मग गळ्यात पडली. एक भाचा जवळ येऊन म्हणाला, "आत्या, ती गोष्ट सांग ना, पहिल्यापासून." या वेळी त्यानं थाप म्हटलं नाही. ती मोटारीच्या नाकावर बसून सांगायला लागली, आणि कॅझ मध्ये मध्ये तिची चूक दुरुस्त करत होता. अंतर गाडीभर नव्हतं म्हणे, दीड गाडी होतं.

घरी परतताना मी ब्युकमध्ये तिच्या शेजारी होतो. हायवेवर ती उजव्या कडेनं, पाटीवर लिहिलेल्या वेगाच्याही खाली, आरामात चालवत होती. ट्रक गेले, मालाच्या गाड्या गेल्या, गवत कापायच्या यंत्रांनी भरलेली एक खटारा गाडीही भोंगा वाजवत पुढे गेली. इतक्या वर्षांत तिनं रस्त्यावर कुणाला पुढे जाऊ दिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बर्नी, गाडीला काही झालंय का?"

"गाडीला? छे." तिनं खिडकीची काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. मागून एक जपानी गाडी येत होती. बर्नीनं हात हलवून तिलाही वाट दिली.

"जाऊ दे रे सगळ्यांना," ती म्हणाली. "मी पोचले."